खाट नंबर तीन

आमच्या मार्था सिस्टर कोणाला नमस्कार करत नाहीत. त्या मनगट धरतात.

तुम्ही जिन्यात भेटा, भाजीच्या गाडीपाशी भेटा, नाहीतर कोणाच्या लग्नात जेवणाच्या रांगेत भेटा. समोरून पांढरी साडी येते, खांद्याजवळ उलटं घड्याळ टाचलेलं असतं, आणि तुम्ही "काय सिस्टर, बरं आहे ना?" म्हणेपर्यंत तुमचं मनगट त्यांच्या तीन बोटांत गेलेलं असतं. मग बोलायचं नाही. त्या घड्याळाकडे बघणार, ओठ हलणार, आणि अर्ध्या मिनिटाने निकाल लागणार. "ब्याऐंशी. जिना भरभर चढलात." नाहीतर, "शहाण्णव. सुनेशी वाजलंय का सकाळी?" आता नाडीवरून सुनेशी वाजलेलं कसं कळतं ते देव जाणे, पण वाजलेलं असतं हे मात्र खरं.

त्या आमच्या जळगावच्या कॉलनीत राहायला आल्या त्या दिवशी मी ओट्यावर गहू निवडत बसले होते. त्यांनी येऊन माझा हात धरला. मला वाटलं, बाई हात बघणारी दिसतेय. मी दुसरा तळवाही पुढे केला आणि विचारलं, "गुडघ्यांचा योग कधी आहे हो?"

"गुडघ्यांचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण चहात साखर कमी करा."

तेव्हापासून आमची मैत्री. साखर मी कमी केली नाही, पण त्यांच्यासमोर चहा पीत नाही.

सिस्टरांचं सगळं आयुष्य पिंपळनेरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात गेलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, "ड्युटी संपली की करणार होते, ड्युटी संपलीच नाही." पुढे तो दवाखाना बंद पडला. बंद पडताना तिथल्या लोकांना सांगितलं, ज्याला जे लागेल ते घेऊन जा. कोणी खाटा नेल्या, कोणी लोखंडी कपाटं नेली, स्वयंपाकीणबाईने तर वजनकाटा नेला. सिस्टर एक लाकडी पेटी घेऊन निघाल्या. तिच्यात आठ पितळी घंट्या होत्या, लहान-मोठ्या, प्रत्येकीला कातडी मूठ. कोणे एके काळी एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी आणलेल्या. नाताळात सगळ्या नर्सेस रांगेत उभ्या राहून वाजवायच्या म्हणे.

आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात ज्येष्ठ नागरिकांचा एक गट जमायचा. जमायचा म्हणजे काय, हास्यक्लब होता. आठ म्हातारी माणसं वर हात करून हा हा हा करायची, आणि घरी जाऊन पुन्हा तोंड पाडून बसायची. सिस्टर एका गुरुवारी आल्या, पाच मिनिटं उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "हे हसणं नाही, हा दमा आहे." पुढच्या गुरुवारी पेटी घेऊन आल्या.

हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. आठ घंट्या, आठ सूर, आठ माणसं. प्रत्येकाच्या हातात एकच घंटी. लांब टेबलामागे रांगेने उभं राहायचं. गाण्यात आपला सूर आला की हात पुढे झुलवून एक ठोका द्यायचा, आणि घंटी लगेच छातीशी टेकवायची म्हणजे तिचा आवाज थांबतो. बाकी वेळ गप्प. मला तर पहिल्यांदा हसू आलं. सगळ्या गाण्यात आपण वाजवायचं किती, तर दहा-अकरा वेळा टण्ण. पण करून बघा. आपला ठोका अर्धा क्षण उशिरा पडला तरी सगळ्यांचं गाणं लंगडतं. आपल्या एवढ्याशा टण्णवाचून सात माणसं अडून राहतात, ही गोष्ट म्हातारपणी फार बरी वाटते. घरात आपल्यावाचून रिमोटसुद्धा अडत नाही.

सिस्टरांना सा रे ग म येत नाही. लिहिलेलं संगीत वाचता येत नाही. त्यांना खाटा येतात. म्हणून आमच्या सुरांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि आम्ही सगळे त्यांच्या लेखी खाटा. पेटी उघडायच्या आधी त्या टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात, त्याला राऊंड म्हणतात. "खाट नंबर एक, खोकला कसा आहे? खाट नंबर दोन, चष्मा कुठे? खाट नंबर चार, पदर नीट घ्या, घंटीत अडकतो." ती चार नंबर मी. मग समोर उभ्या राहून, हात वर करून म्हणतात, "घाबरायचं नाही. दुखणार नाही." हे वाक्य प्रत्येक वेळी. आमच्याकडून बसवून घेतलेली चालही त्यांची स्वतःचीच. बाळंतिणींच्या वॉर्डात रडणाऱ्या पोरांना घेऊन फिरताना त्या जे गुणगुणायच्या, ते. त्याला शब्द नाहीत. आम्ही तिला पाळणाच म्हणतो.

आणि ताल? ताल नाडीचा. पहिले दोन महिने आम्हाला घंट्या हातात मिळाल्याच नाहीत. नुसतं शेजारच्याचं मनगट धरून उभं राहायचं आणि मोजायचं. सात नंबरचे भास्करनाना, एस.टी.च्या ऑफिसातून रिटायर झालेले, फार तोंडाळ गृहस्थ. ते म्हणाले, "सिस्टर, सहा नंबरची नाडी लागत नाहीये, मयत घोषित करू का?"

"नाना," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही त्यांचं घड्याळ धरलंय."

आता त्यांचा मुख्य नियम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. कोणी गैरहजर असलं तर त्याची घंटी दुसऱ्याने वाजवायची नाही. ती टेबलावर त्याच्या जागी ठेवायची. गाण्यात त्याचा सूर आला की सगळ्यांनी तेवढा वेळ थांबायचं, आणि पुढे जायचं. गाण्यात भोक पडतं, पडू द्यायचं.

बरं, तेवढ्यावर सुटका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ती घंटी पिशवीत घालून त्या माणसाच्या घरी हजर. "काल तुमचे अकरा डोस चुकलेत." मग त्या समोर बसून चाल गुणगुणणार, आणि आपण आपल्या जागी अकरा ठोके द्यायचे. पाहुणे असोत, फोडणी जळो, सुटका नाही. भास्करनाना एकदा पाचोऱ्याला लग्नाला गेले आणि न सांगता गेले. दुसऱ्या दिवशी सिस्टर पोचल्या तेव्हा नाना न्हाणीघरात. नानांची बायको म्हणाली, बसा ना. सिस्टर म्हणाल्या, मला अजून दोन घरं आहेत. शेवटी दाराच्या फटीतून घंटी आत गेली. बाहेर सिस्टर गुणगुणतायत, आतून तांब्याचा आवाज आणि मधूनमधून टण्ण. शेजारचे लोक चपला काढून दारात उभे राहिले, त्यांना वाटलं पूजा चाललीय.

तीन नंबरला रामदास आबा होते. चोपड्याकडचे, जन्मभर केळी केलेली, म्हातारपणी बायकोला घेऊन मुलाकडे जळगावला आलेले. शहरात त्यांचं मन रमत नव्हतं. गुरुवारी मात्र पाचची वेळ असताना चारलाच येऊन बसायचे, येताना पिशवीत केळी. हात थरथरायचा त्यांचा, त्यामुळे ठोका एक द्यायचा तर दोन-तीन पडायचे. सिस्टर त्यांना म्हणायच्या, "आबा, तुमची घंटी आपोआप वाजते. तुम्ही फक्त थांबवायला शिका." आबांना मोजणी कधी जमली नाही. भर गाण्यात मोठ्याने विचारायचे, "सिस्टर, मना नंबर उना का?" आणि सिस्टर मान हलवायच्या की लगेच टण्ण, टणटण. आमच्या चालीत तीन झाला की बहुतेक वेळा चार येतो, म्हणजे मी. मी कधी मोजलंच नाही. आबांचा थरथरता हात वर गेला की माझा तयार. एवढाच माझा रियाज.

मागच्या थंडीत आबा दवाखान्यात पडले. सिस्टर रोज पाचला घंटी घेऊन जायच्या. डोस चुकायला नको. आबा पडल्या पडल्या वाजवायचे. दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या नातेवाइकांना वाटलं चहावाला आला, सगळे पेले घेऊन उभे. मी होते तेव्हा तिथे. आबा इतके हसले की नर्स धावत आली. पुढे त्यांच्याने घंटी उचलेना, तेव्हा सिस्टर त्यांच्या हाताखाली हात धरायच्या. मग एके दिवशी आबा गेले.

दिवस झाल्यावर आम्ही पुन्हा जमलो. सिस्टरांनी राऊंड घेतला. एक, दोन. तीनपाशी थांबल्या. टेबलावर घंटी होती. तिच्याकडे बघितलं, आणि "खाट नंबर चार, पदर" म्हणून पुढे गेल्या. गाण्यात अकरा वेळा थांबलो. डोळे पुसत घरी गेलो. पुढच्या गुरुवारी पुन्हा अकरा वेळा. त्याच्या पुढच्याही. होळी झाली, गुढीपाडवा झाला, जळगावचं ऊन चढलं, पंख्याखाली आम्ही भोक पडलेला पाळणा वाजवत राहिलो.

आता शमीमभाभींची ओळख करून द्यायला हवी. कॉलनीच्या मागच्या गल्लीत त्या शिलाईचं काम करतात. जळगावातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे, आणि एकीचंही माप चुकलेलं नाही. घंट्यांच्या कातडी मुठी झिजल्या तेव्हा सिस्टरांनी त्यांच्याकडून नव्या शिवून घेतल्या. मुठी बसतात का बघायला म्हणून भाभी एका गुरुवारी आल्या त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, आणि मग दर गुरुवारी बसायला लागल्या. दोन्ही मुलं सुरतेला कामाला गेलेली, घरात नवरा आणि मशीन. हातात काहीतरी काजं-बटणं घेऊन बसायच्या. मी बघायचे. तीनचं भोक आलं की भाभींची सुई थांबायची आणि ओठ हलायचे. टण्ण.

एकदा मी विचारलंच, "भाभी, येतं का हो तुम्हाला?"

"बस काय अक्का! पूर्ण येतं. घरी चमच्याने ताटावर वाजवते. आमचे हे म्हणतात, जेवण वाढायचं सोडून ताट काय वाजवतेस, भूक मला लागलीय."

"मग मागा ना घंटी."

भाभींनी दात लावून दोरा तोडला. "मागितलेली चीज वेगळी असते. त्यांनी बोलवलं तर येईन मी."

मी ते सिस्टरांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "खाट रिकामी नाही."

असं चाललं होतं, तेवढ्यात धुळ्याहून पत्र आलं. तिथल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये ज्येष्ठांचा कलामेळावा होता, आणि आम्हाला बोलावलं होतं. सगळे हरखलो. बायकांनी साड्यांचा रंग ठरवला, दोन गट पडले, मोरपंखी जिंकला. मग भास्करनानांनी विषय काढला.

"सिस्टर, तीन नंबरचं काय?"

"तीन नंबरचं काय म्हणजे?"

"म्हणजे असं की, इथे आपण आपल्यात आहोत. धुळ्याला चारशे माणसांसमोर हे असंच? हे गाणं आहे का रस्ता? चार पावलं गेलं की खड्डा!"

"आपला नियम आहे, नाना."

"नियम गैरहजर माणसाचा आहे. भाभी तिकडे बसल्यात, त्यांना सगळं येतं. द्या त्यांना."

"खाट रिकामी नाही."

"मग कोण झोपलंय तिथे?"

नाना बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण ते उगाचच चष्मा पुसायला लागले. भाभी खाली मान घालून बटण लावत होत्या. सिस्टर टेबलाची चादर सरळ करत म्हणाल्या, "डिस्चार्जचा कागद माझ्याकडे आलेला नाही." आणि पेटी बंद करून निघून गेल्या. त्या दिवशी मनगट कोणाचंच धरलं नाही.

मी नानांच्या बाजूची होते, खोटं कशाला बोलू. मलाही धुळ्याला नीट वाजवायचं होतं. माझी भाची तिथे राहते, तिच्या सासरची माणसं येणार होती. शिवाय आबा काही म्हणाले नसते, त्यांनी उलट भाभींना दोन केळी दिली असती. पण सिस्टरांशी वाद घालणार कोण? नाना म्हणाले, भोकासकट जायचं असेल तर मी येत नाही. मी म्हटलं, मग दोन भोकं पडतील, आणि तुमचे डोस द्यायला त्या तुमच्या न्हाणीघरात येतील. नाना आले.

सकाळच्या एस.टी.ने गेलो. भाभीही आल्या, पेटी सांभाळायला म्हणून. त्यांनी टेबलासाठी पांढरी चादर शिवून आणली होती, झालर लावून. मंचावर सगळं मांडलं. तीन नंबरची घंटी तिच्या जागी, मागे कोणी नाही. सिस्टर समोर उभ्या राहिल्या, हात वर केला. माइक जवळ होता हे त्यांच्या लक्षात नव्हतं. "घाबरायचं नाही, दुखणार नाही," हे सगळ्या हॉलने ऐकलं आणि सगळा हॉल खो खो हसला. म्हटलं, सुरुवात तर झाली.

एक वाजली, दोन वाजली, मग भोक, मग मी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या भोकाला माइकवाला धावत आला आणि वायर हलवायला लागला. तिसऱ्याला निवेदनवाल्या बाई वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "काकू, तुमच्यातलं एक वाजत नाहीये." मी म्हटलं, "ते वारलेत." त्या घाबरून मागेच सरकल्या.

मग मागच्या बाकांवरच्या कॉलेजच्या पोरांनी काय केलं, चौथं भोक आलं तेव्हा तिथे टाळी वाजवली. अगदी वेळेवर. पाचव्याला पंधरा-वीस जणांनी वाजवली. सहाव्याला अर्ध्या हॉलने. पुढे तर पहिल्या रांगेतले पागोटेवाले आजोबासुद्धा हात तयार ठेवून बसले. एक, दोन, टाळी! चार. अकरावी टाळी तर अशी पडली की छतावरची कबुतरं उडाली. लोक उभे राहिले. निवेदनवाल्या बाई आता धीट होऊन म्हणाल्या, "रसिकांना गाण्यात सामावून घेण्याची ही अभिनव कल्पना!" शाल, श्रीफळ, फोटो. भास्करनाना नारळ घेऊन लोकांना सांगत होते, "तसं मीच सुचवलं होतं."

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. भाभी मंचावर येऊन पेटी भरत होत्या. त्यांनी तीन नंबरची घंटी दोन्ही हातांनी उचलली आणि सिस्टरांच्या हातात दिली, पेटीत घातली नाही.

दुपारच्या गाडीने परत निघालो. सिस्टर आणि मी एका बाकावर. बाकीचे मागे शेंगा खात टाळ्यांचं कौतुक करत होते. सिस्टरांच्या मांडीवर घंटी. पारोळा आलं तेव्हा म्हणाल्या, "अक्का, आबांच्या जागेवर टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"त्यांना काय माहीत हो, पोरं ती."

"चूक त्यांची नाही. माणसाला रिकामं बघवत नाही. मला तरी कुठे बघवायचं?"

मी गप्प राहते तेव्हा समोरचा माणूस घाबरून बोलायला लागतो, असं आमचे हे म्हणायचे.

"आमच्या दवाखान्यात खाटा कमी, माणसं फार," त्या सांगायला लागल्या. "लांबलांबच्या पाड्यांवरून यायची. व्हरांड्यात झोपून असायची. माणूस गेला की खाली न्यायचं, गादी पुसायची, चादर बदलायची, पुढच्याला घ्यायचं. पाच मिनिटं लागायची मला. सगळे म्हणायचे, मार्थासारखं कोणाला जमत नाही. मलाही अभिमान होता. एकदा एक बाई नवऱ्यासाठी पेला धुवायला नळावर गेली. तेवढ्यात तो गेला. मला वाटलं डॉक्टरांनी तिला सांगितलंय. मी माझं काम केलं. ती पेला धुवून परत आली तर खाटेवर दुसराच माणूस. तिला काही शंकाच आली नाही, अक्का. तिला वाटलं दुसरीकडे हलवलाय. ती एकेक खाट बघत निघाली. पांघरुणं उचलून बघायची, हसून सॉरी म्हणावं तसं करायची, पुढे जायची. सगळा वॉर्ड फिरली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, सिस्टर, आमचे कितव्या नंबरवर ठेवले?"

गाडी धक्के खात होती. त्यांनी घंटीचा लोळा बोटाने धरून ठेवला होता, वाजू नये म्हणून.

"मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. तिच्या हातातला पेला आठवतो. घासूनपुसून लख्ख केला होता."

पिशवीत भाचीने दिलेली संत्री होती, एक सोलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकेक फोड खाल्ली. एरंडोलला उतरणाऱ्यांची गर्दी झाली तेव्हा म्हणाल्या, "आबांच्या बायकोला तरी कोणी विचारलंय का? आपणच सगळे तिच्या नवऱ्याची जागा द्यायची की ठेवायची ते ठरवतोय." असं स्वतःशीच बोलल्यासारखं.

पुढच्या गुरुवारी मी जरा लवकर गेले. समाजमंदिरात सिस्टर आधीच होत्या, आणि पहिल्या खुर्चीवर आबांच्या बायको, कौसल्याबाई, बसलेल्या. त्या कधी घराबाहेर पडत नाहीत. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "सकाळमां सिस्टर घर उन्या व्हत्या. इचारं, दुसऱ्याले दिऊ का? मी म्हटलं, द्या बाई. पन मना समोर द्या."

हळूहळू सगळे जमले. भाभी आल्या आणि नेहमीसारख्या दाराजवळ बसल्या, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. सिस्टरांनी राऊंड घेतला नाही. त्यांनी एक स्टूल ओढलं, तीन नंबरच्या घंटीसमोर बसल्या, पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला आणि पुसायला सुरुवात केली.

आधी बाहेरून. मग आतून. मग लोळा. मग मुठीच्या शिवणीतून, टाक्याटाक्यातून. कापसाचा बोळा काळा झाला की नवा घ्यायच्या. आम्ही आपापल्या जागी उभे. पाय दुखायला लागले तसे एकेक जण बसले. अर्धा तास झाला. नानांनी घड्याळ बघितलं, तोंड उघडलं, कौसल्याबाईंकडे बघितलं आणि मिटलं. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. कौसल्याबाई एकटक त्या हातांकडे बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "आठे ऱ्हायनं जरासं," आणि बोटाने काठ दाखवला. सिस्टरांनी तिथे पुन्हा पुसलं.

मग त्यांनी घंटी कौसल्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती थोडा वेळ मांडीवर धरली, पदराने एकदा पुसली, उगीचच, आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "ये वं बाई."

भाभींच्या मांडीवरची बटणं सगळी खाली सांडली. कोणी उचलली नाहीत. त्या आल्या, दोन्ही हातांनी घंटी घेतली, टेबलामागे माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

सिस्टर समोर गेल्या. "खाट नंबर तीन," त्या म्हणाल्या. "आलात?"

"आले, सिस्टर."

वाजवायला वेळ थोडाच उरला होता, संध्याकाळी तिथे बालवर्गाच्या पालकांची मीटिंग असते. एकदाच वाजवायचं ठरलं. हात वर गेला. एक वाजली, दोन वाजली, आणि तीन. स्वच्छ, एकच ठोका, जराही न थरथरता.

आणि मी चार नंबर, इतकी वर्षं वाजवणारी, घंटी छातीशी धरून तशीच उभी राहिले. माझा हात वर गेलाच नाही.

कोणाचा ठोका चुकला की हात खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावणाऱ्या सिस्टर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या सुराएवढ्या थांबल्या, आणि पाच नंबरला खूण केली.